पंचनाम्यापासून फर्म्यापर्यंत

मराठीत खुनाच्या गोष्टी वाचणारे लोक उरलेत का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात जा, रहस्यकथांच्या कपाटातलं एखादं जुनं पुस्तक काढा आणि आत डकवलेला तारखांचा कागद बघा. शिक्क्यावर शिक्का असतो. एक कागद भरला म्हणून त्याच्यावर दुसरा चिकटवलेला असतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या कुणीतरी वाचत होतं म्हणूनच. तरीही माझ्या कादंबरीचं बाड घेऊन मी प्रकाशकांकडे गेले, तेव्हा बहुतेकांनी ते न उघडताच सांगितलं, "रहस्यकथा आम्ही करत नाही." एकांनी वाचली, आवडली म्हणाले आणि चार दिवसांनी दरपत्रक पाठवलं. छपाईचा खर्च लेखिकेचा, ठरावीक प्रती लेखिकेनेच विकत घ्यायच्या, हक्क मात्र त्यांच्याकडे. पैसे माझेच जाणार असतील तर पुस्तकही माझंच राहील, हे मी त्या संध्याकाळी ठरवलं.

मी जिल्हा व सत्र न्यायालयात लिपिक होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. खटल्याची फाइल कशी वाढत जाते ते मी आयुष्यभर पाहिलं. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जबाब, मुद्देमालाची यादी, कलिन्याच्या किंवा पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून आलेला सीए, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट, मग दोषारोपपत्र. "समक्ष विचारले वरून जबाब देते की" या शब्दांनी सुरू होणारे किती कागद हातांखालून गेले असतील! त्या फाइलीत आरोपीबद्दल सगळं असतं. तो काय करतो, कुठे राहतो, त्या रात्री कुठे होता, कुणाशी बोलला. ज्याचा जीव गेला त्याच्याबद्दल मात्र जखमांची लांबी-रुंदी सोडून फार थोडं सापडतं. मयताच्या अंगावर कोणते कपडे होते ते कळतं, त्याला काय आवडायचं ते कळत नाही. कायद्याचं काम तेवढंच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका खटल्यात मयत मुलीची आई दर तारखेला यायची, साक्ष झाल्यावरही यायची, आणि कोर्टाच्या ओसरीत बसून राहायची. पुढची तारीख सांगायला मी बाहेर गेले की ती मुलीबद्दल काहीतरी सांगायची. शाळेतलं, लग्नातलं, स्वयंपाकातलं. त्यातलं काहीच फाइलीत जाणार नव्हतं. मला गुन्ह्याची कादंबरी लिहायची होती ती या कारणासाठी. मेलेलं माणूस पहिल्या पानावर येऊन शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहील, अशी.

त्या मुलीची गोष्ट मी लिहिली नाही, आणि कोर्टात पाहिलेली दुसरी कुठलीही लिहिली नाही. कागद सार्वजनिक असतात, बातम्याही छापून आलेल्या असतात, तरी ती माणसं त्याच तालुक्यात राहतात. बाजारात भेटतात. त्यांच्या घरातलं मरण माझ्या पुस्तकाच्या किमतीत विकायचं नाही, हे लिहायला बसण्याआधीच नक्की होतं. नोकरीतून मी फक्त रीत घेतली. कागद कोणत्या क्रमाने होतात, पंच कसे मिळत नाहीत, साक्षीदार कुठे अडखळतो, तारीख पडली की माणसाचा चेहरा कसा होतो, एवढंच.

कादंबरीतली बाई म्हणजे सुमन. बीडकडून टोळीबरोबर आमच्या कृष्णाकाठी ऊस तोडायला आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांनी मिळून मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, हंगाम संपत आलेला असताना, तिचं प्रेत नदीत सापडतं. पाय घसरून बुडाली असेल असं सगळे म्हणतात. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, जिला सगळे एडी म्हणतात, आणि टोळी दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उतरते. एकट्या महिला हवालदाराला शंका येते. कादंबरी तिथून पुढे चालते.

बुडून मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन मला कागदावरच माहीत होतं. एका सरकारी रुग्णालयात अनेक वर्षं पोस्टमॉर्टेम केलेल्या, आता निवृत्त झालेल्या डॉक्टरांकडे मी वही घेऊन जाऊ लागले. त्यांनी डायाटमची चाचणी समजावली. नदी, विहीर, तळं यांच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं एकपेशी शेवाळ असतं, त्याचं कवच सिलिकाचं, म्हणून ते आम्लातसुद्धा विरघळत नाही. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो, हृदय चालू असल्याने ते सूक्ष्म कण रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत जातात. आधी मारून मग पाण्यात टाकलं तर हृदय थांबलेलं असतं, कण तिथवर सहसा पोचत नाहीत. आणि वेगवेगळ्या पाण्यातल्या डायाटमच्या जाती वेगवेगळ्या असू शकतात. "पण एक लक्षात ठेवा ताई," डॉक्टर म्हणाले, "तुलना करायला पाण्याचा नमुनाच घेतला नसेल तर सगळं वाया. आणि एवढ्यावर कुणी फाशी जात नाही. तज्ज्ञांतसुद्धा यावर वाद आहेत." ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण माझी कादंबरी मला त्या वाक्यात सापडली होती. सुमन नदीत मिळाली, पण बुडाली विहिरीत. आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना वेळेत कुणी घ्यायचा, कुणाच्या परवानगीने, हाच तिच्या न्यायाचा प्रश्न. माझ्या हवालदाराला पिस्तूल लागलं नाही, एक स्वच्छ बाटली आणि दोन पंच लागले.

मसुदा अर्ध्याच्या पुढे गेला आणि १ जुलै २०२४ ला कायदे बदलले. भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या ३०२ कलमाचं १०३ झालं. अकस्मात मृत्यूचं १७४ कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं. झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. संपादनाला मदत करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, कथा नव्या कायद्यात आणायची का? मी नाही म्हणाले. गुन्हा १ जुलैच्या आधी घडला असेल तर कलम जुनंच लागतं, आणि सुमन फेब्रुवारीत गेली होती. तिची तारीख सोयीसाठी हलवावी असं मला वाटलं नाही. शिवाय ऊसतोडीचा हंगाम जुलैत नसतो.

आता छपाईकडे येते. कारण ज्यांना हे करायचं आहे त्यांना कल्पनेपेक्षा आकडे जास्त उपयोगी पडतील.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन असतो आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही करता येतो. त्याचे पैसे कुणी मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे आहेत, क्रमांकाचे नाहीत. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण मी केली. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. लेखकच प्रकाशक असेल तर ही जबाबदारी त्याची. सुमनची गोष्ट मुंबईच्या एशियाटिकच्या इमारतीत कायमची राहणार, या विचाराने ते पाकीट शिवताना मला फार बरं वाटलं.

मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप केला होता. प्रेसचं काम श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. एकातून दुसऱ्यात नेताना रफार उडाले, जोडाक्षरं फुटली, "तऱ्हा" आणि "दुसऱ्या"तला अर्धा र कुठे दिसेनासा झाला तर कुठे दोनदा आला. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी तीन वाचनं केली. "पोलीस" दीर्घ, "पोलिसांनी" ऱ्हस्व, हे त्यांनी पानोपानी तांबड्या शाईने सांभाळलं. मराठी पुस्तकांत हे काम सगळ्यांत कमी पैशांचं आणि सगळ्यांत जास्त मोलाचं आहे. स्वतः पुस्तक काढणारे लोक पहिली काटछाट इथेच करतात. ती करू नका. जबाबातली एक तारीख चुकीची छापली गेली तर गुन्हेकथेतला वाचक उरलेल्या पुस्तकावर विश्वास ठेवत नाही.

पुस्तक डेमी आकारात २५६ पानांचं झालं, म्हणजे सोळा फर्मे, एकेका फर्म्यात एकत्र छापलेली सोळा पानं. कागद सत्तर जीएसएम नॅचरल शेड, मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन. मुखपृष्ठावर रक्त, सुरा, सावली नको म्हणून मी हट्ट धरला. चित्रकार मुलाने उसाच्या पाचटात पडलेला कोयता काढला, त्याच्या मुठीला बांगडीचा तुकडा अडकलेला. त्या चित्राकडे पाहून प्रेसचे मालक म्हणाले, "मॅडम, ह्ये बघून खून हाय असं कळायचं न्हाई." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण बघत ऱ्हावंसं वाटतंय."

ऑफसेटवर ५०० प्रतींना छपाई-बांधणीचा खर्च प्रतीला ९५ रुपये आला. त्याशिवाय संपादनाचे १५ हजार, मुखपृष्ठाचे ८, अक्षरजुळणीचे ७ आणि मुद्रितशोधनाचे ५. हे पस्तीस हजार रुपये ५०० प्रतींवर वाटले की प्रतीमागे ७० रुपये. म्हणजे एक पुस्तक मला १६५ रुपयांना पडलं. किंमत ३२० ठेवली. वितरकाने निम्मी सवलत मागितली, ती या धंद्यात नवी नाही. त्याचं दुकानदाराचं कमिशन, गोदाम, वाहतूक त्यातूनच जातं. पण मग माझ्या हातात १६० उरतात. प्रत्येक प्रत विकली गेली तरी पाच रुपये खिशातून जाणार, शिवाय पैसे विक्रीनंतर आणि न विकलेल्या प्रती परत. हे गणित पाहिलं की स्वप्रकाशित लेखकाची पुस्तकं दुकानात का दिसत नाहीत ते कळतं. किंमत साडेचारशे करता आली असती. पण मग ज्यांच्यासाठी लिहिलं ते लोक ती घेऊ शकले नसते. ग्रॅच्युइटीतून हे पैसे काढताना मी घरी विचारलं, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "तुझे पैसे, तुझं पुस्तक. हिशेब मात्र लिहून ठेव." तो मी ठेवला, म्हणून इथे सांगू शकते.

वितरकाला मी थोड्याच प्रती दिल्या. बाकीच्या घेऊन वाचनालयांकडे निघाले. महाराष्ट्रात शासनाच्या अनुदानावर चालणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. १९६७ च्या कायद्याने उभं राहिलेलं हे जाळं आहे, आणि मराठी पुस्तकाचा खरा वाचक मला तिथेच भेटला. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा मला फार आधार झाला. पिशवीत पुस्तकं, डब्यात भाकरी, आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतली तालुक्याची गावं. काही ठिकाणी अध्यक्ष नव्हते, काही ठिकाणी अनुदानाचा हप्ता आलेला नव्हता, म्हणून "मार्चनंतर या" असं सांगितलं. ग्रंथपालांचे स्वतःचे पगार किती तुटपुंजे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पंख्याखाली बसवून पाणी देणाऱ्या त्या माणसांसमोर विक्रीचं बोलायला जीभ जड व्हायची. पण एका ग्रंथपाल बाईंनी मुखपृष्ठ बघितलं, मलपृष्ठावरचा मजकूर उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "खुनाचं आहे ना ताई? मग दोन ठेवा. आमच्या बायका आधी तेच मागतात. एक प्रत बाहेर गेली की महिनाभर परत येत नाही, घराघरांतून फिरते."

प्रकाशकांनी ज्या वाचकाला नाही म्हटलं होतं, तो इथे होता. दुपारी कामं उरकून देवघेवीच्या खिडकीपाशी येणाऱ्या बायका, निवृत्त शिक्षक, रात्रपाळीचे कामगार. त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचवणं हीच माझी आशा होती आणि आजही आहे. सांगलीच्या नगर वाचनालयात २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं, तेव्हा किती पुस्तकांचा लगदा झाला होता! त्या चिखलातून पुस्तकं काढून पानं पानं वाळवणारी माणसं या गावात आहेत. अशा गावात वाचक नाही म्हणणं मला पटत नाही.

पोस्टाचं सांगायला हवं. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि माझं पुस्तक त्यानंतर निघालं. पहिल्या प्रती पाठवताना पुस्तकाच्या किमतीचा चांगलाच भाग टपालात जात होता. मे २०२५ मध्ये शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, वर कर. माझं पुस्तक ३०० ग्रॅमच्या जरासं वर जातं. पुढचं पुस्तक छापताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवणार आहे. कागद थोडा हलका घेतला तर ते खालच्या दरात बसू शकेल. छोट्या प्रकाशनाचं जगणं-मरणं अशा वीस ग्रॅमवर असतं.

ई-पुस्तकही काढलं. किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीस आली, त्यामुळे माझ्यासारखीला थेट ठेवता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. ते मी मान्य केलं. परदेशातल्या मराठी वाचकांनी वाचलं, काहींनी अभिप्राय लिहिले. पण त्याच सुमारास छापील प्रतीची फोटो काढून केलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरायला लागली. माझ्याच एका नातेवाइकाने ती मला पाठवली, "तुझं पुस्तक सगळीकडे पोचलं बघ" अशा आनंदाने. त्या दिवशी मी जेवू शकले नाही. एवढं लांबचं वाचन होतंय याचा आनंद खरा होता, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंचं, त्या चित्रकार मुलाचं, प्रेसमधल्या बांधणीवाल्याचं काम कुणीतरी उचलून वाटतंय याचा संतापही खरा होता. गटांच्या चालकांना मी एकेक करून लिहिलं. काहींनी काढून टाकली, काहींनी उत्तर दिलं नाही. पुस्तक आवडलं तर वाचनालयातून घ्या, एवढंच मी सगळीकडे लिहीत राहिले.

निम्म्याहून अधिक प्रती गेल्या आहेत. घातलेले पैसे अजून पुरते परत आलेले नाहीत, आणि उरलेले गठ्ठे आतल्या खोलीत पलंगाखाली आहेत. पण फोन येतात. पुस्तकाच्या सुरुवातीला मी पत्ता आणि नंबर छापला होता. एका निवृत्त हवालदाराने पाण्याची बाटली सील करण्याच्या प्रसंगावर अर्धा तास माझ्याशी चर्चा केली. एका बाईंनी सुमनने लेकीसाठी घेतलेल्या पैंजणांचं पुढे काय झालं ते विचारलं. ते पैंजण मुद्देमालात जमा आहेत आणि खटला संपेपर्यंत परत मिळणार नाहीत, हे सांगताना मला त्या ओसरीतल्या आईची आठवण झाली.

मग बीड जिल्ह्यातल्या एका तरुण शिक्षकाचा फोन आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे, तोही लहानपणी त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, राहिला होता. पुस्तक गावच्या वाचनालयात मिळालं म्हणाला. विहीर, नमुना, अटक, या सगळ्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याने विचारलं, "मॅडम, खुनी सापडला. पण सुमनच्या जोडीवरची उचल राहिली होती ना? कोयता मोडला. मग ती कुणी फेडली? नवऱ्याने एकट्याने, का पुढच्या वर्षी लेकीला फडात नेली?"

आमच्या गुन्हेकथांत सापडलेल्या आरोपीवर दोषारोपपत्र दाखल झालं की गोष्ट संपते, आणि मीही कादंबरी तिथेच संपवली होती. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर उचलीचे करार कसे होतात, कोऱ्या कागदावर अंगठे कोण घेतं, आणि मेलेल्या बाईच्या वाट्याचं कर्ज वहीत कुणाच्या नावावर चढवलं जातं, हे शोधायला हवं. दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा नदीकाठी उतरतील. मी त्या शिक्षकाला विचारलं, माझ्याबरोबर कोपीवर येशील का, लोक माझ्याशी बोलतील असं बघशील का? तो शनिवार-रविवारी येतो म्हणाला. लेकीचं नाव मी पहिल्या पुस्तकात दिलं नव्हतं. दुसऱ्या कादंबरीच्या वहीत ते मी कालच लिहिलं आहे, आणि पहिलं प्रकरण तिच्या शाळेच्या हजेरीपटापासून सुरू होतं.